एक शब्द ‘चक्कर’, दोन दुखणी: तपासणीच्या खोलीत रुग्णाचं काम

पार्श्वभूमी

रुग्ण ६७ वर्षांचे, भोसरीतल्या कारखान्यातून निवृत्त झालेले, पुण्यात धायरीला राहणारे. ओळख पटू नये म्हणून वैयक्तिक तपशील बदलले आहेत. इथे त्यांना काका म्हणू. घरात काकू, मुलगा आणि सून. मधुमेह १४ वर्षांचा, रक्तदाब ९ वर्षांचा, गुडघ्यांची कुरकुर नेहमीचीच. वर्षापूर्वी हर्नियाचं ऑपरेशन झालं. त्यानंतर लघवी अडखळू लागली म्हणून यूरॉलॉजिस्टनी रात्रीची एक गोळी सुरू केली.

काकांचं दुखणं तसं चारचौघांसारखंच होतं. ते सांभाळणारे मात्र चार ठिकाणी विखुरलेले होते. किरकोळ तापा-खोकल्यासाठी धायरीतले फॅमिली डॉक्टर, शुगर-बीपीसाठी टिळक रोडवरचे फिजिशियन, लघवीसाठी यूरॉलॉजिस्ट, आणि गुडघ्यासाठी कोपऱ्यावरचं मेडिकल. हो, मेडिकलच. गुडघा दुखला की काका दुकानात जाऊन ‘ती पिवळी पट्टी’ मागत आणि ती मिळत असे.

पाच महिन्यांपूर्वी फिजिशियननी मधुमेहाची गोळी बदलली. आधीची फॅमिली डॉक्टरांनी दिलेली होती: ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन ५००, सकाळी एक. नवी होती ग्लिमेपिराइड १ आणि मेटफॉर्मिन ५००, सकाळ-संध्याकाळ एकेक. कंपनी वेगळी, नाव वेगळं, गोळीचा रंगही वेगळा. चिठ्ठीवर नवीन गोळी होती, पण ‘आधीची बंद’ हे दोन शब्द नव्हते. नव्या डॉक्टरांनी नवी गोळी ‘वाढवली’ असं काका समजले आणि जुनी धायरीच्या दुकानातून आणत राहिले. नवी ते टिळक रोडच्या दुकानातून घेत, त्यामुळे दोन्ही स्ट्रिप एकाच माणसाच्या नजरेखाली कधी आल्याच नाहीत. दिवसाला २ मिलिग्रॅम पोटात जायला हवं होतं, तिथे ४ जात होतं.

अडचण

पुढच्या काही आठवड्यांत काकांना ‘चक्कर’ येऊ लागली.

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळी गफलत या शब्दाने केली. मराठीत ‘चक्कर’ या एका शब्दात निदान चार गोष्टी येतात. खोली गरगर फिरणं. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येणं. चालताना झोक जाणं. आणि हातपाय कापणं, दरदरून घाम फुटणं, पोटात खड्डा पडल्यासारखं होणं. पहिली बहुतेकदा कानाच्या आतल्या भागाची, दुसरी रक्तदाबाची, तिसरी नसांची किंवा मेंदूची, चौथी रक्तातली साखर उतरल्याची. प्रत्येकीची तपासणी वेगळी, औषध वेगळं. रुग्ण नुसतं ‘चक्कर येते’ म्हणाला तर चारांपैकी कुठली हे डॉक्टरांना विचारून काढावं लागतं, आणि विचारायला वेळ लागतो. १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल या अमेरिकी संशोधकांनी मोजलं, तर डॉक्टर रुग्णाचं पहिलं बोलणं सरासरी १८ सेकंदांत तोडत होते. म्हणजे पहिल्या दोन-तीन वाक्यांत जे बाहेर पडेल, त्यावर पुढची दिशा ठरण्याची शक्यता मोठी.

काकांच्या पहिल्या दोन-तीन वाक्यांत फक्त ‘चक्कर’ होती.

पहिली भेट फॅमिली डॉक्टरांची. बसवून मोजलेला बीपी चांगला होता. गरगरण्यावर देतात ती बीटाहिस्टीन १६ मिलिग्रॅम, सात दिवस. फरक पडला नाही.

दुसरी भेट फिजिशियनची. मुलगा बरोबर होता आणि बोलला तोच. त्याने फाइल उघडून रिपोर्ट पुढे केले. एचबीए१सी सहा महिन्यांपूर्वी ७.३ होता, आता ६.४. डॉक्टर म्हणाले, “काका, शुगर एकदम छान.” काका खूश झाले. हा कौतुकाचा क्षण सगळ्यात महागात पडला. सत्तरीकडे झुकलेला माणूस ग्लिमेपिराइडसारखी साखर खेचून खाली नेणारी गोळी घेतोय आणि चक्कर येते म्हणतोय, अशा वेळी ६.४ हा आकडा शाबासकीचा नसतो, शंकेचा असतो. एचबीए१सी म्हणजे रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी. त्यात दिवसातले खड्डे दिसत नाहीत. डॉक्टरांनी “दुसरं काही औषध घेता का?” असंही विचारलं होतं. काकांनी मान हलवली, “नाही.” ते खोटं बोलले नाहीत. त्यांच्या हिशेबी गुडघ्याची गोळी ही ‘गोळी’ होती, औषध नव्हे. आणि जुनी शुगरची गोळी ‘दुसरं’ नव्हतीच, ती तर पहिलीच होती.

तिसऱ्या भेटीत मानेचा एमआरआय निघाला. वयाप्रमाणे मणक्यांची झीज दिसली, जी या वयात बहुतेकांच्या दिसते. मानेला पट्टा आला.

त्यानंतर एका पहाटे साडेचारला बाथरूमच्या दाराशी काका पडले. भुवईवर दोन टाके. डोक्याच्या आत काही इजा नव्हती. घरातला सूर मात्र त्या दिवशी बदलला.

समोर असलेले पर्याय

त्या आठवड्यात घरात चार मतं होती.

मुलाचं म्हणणं, मोठ्या हॉस्पिटलातला न्यूरॉलॉजिस्ट गाठू. बाजूने मुद्दा असा की पडणं ही गंभीर गोष्ट आहे आणि डोक्याकडे बघणारा तज्ज्ञ हवा. विरुद्ध मुद्दा असा की पाचवं ठिकाण, पाचवी फाइल, आणि जी माहिती आधीच्या चौघांना मिळाली नव्हती ती पाचव्यालाही मिळणार नव्हती.

काकांचं म्हणणं, गोळ्याच बंद करून बघू. गोळ्यांमुळेच होतंय ही त्यांची शंका खरी होती, पण मार्ग धोक्याचा. कुठली गोळी दोषी हे कळल्याशिवाय सगळ्या थांबवल्या तर शुगर आणि बीपी दोन्ही उसळतात, आणि मग नेमकं कशाने काय झालं हे कधीच कळत नाही.

शेजाऱ्यांनी सुचवलं, संपूर्ण बॉडी चेकअपचं पॅकेज घ्या. त्यात ६०-७० तपासण्या असतात. पण उभं राहिल्यावर बीपी किती घसरतो आणि संध्याकाळी सातला शुगर किती असते, नेमक्या या दोन तपासण्या अशा पॅकेजमध्ये सहसा नसतात.

सून म्हणाली, आधी आपल्याकडे काय काय माहिती आहे ती एका जागी मांडू, आणि त्याच फिजिशियनकडे जाऊ. हा पर्याय ठरला, त्यामागे एक साधं कारण काकूंच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर होतं.

काकू दुधाचा हिशेब कॅलेंडरवर लिहितात. पहिल्या भेटीनंतर त्यांनी, कोणी न सांगता, काकांना त्रास झाला की त्या तारखेवर ‘च’ लिहायला सुरुवात केली होती, शेजारी वेळ. अकरा आठवड्यांत नऊ ‘च’. सुनेने ते पाहिले तेव्हा पाच पहाटे चार ते सहाच्या दरम्यानचे निघाले, चार संध्याकाळी साडेसहा ते आठमधले. आणि त्या चारांपैकी तीन तारखांवर छापलेलंच होतं: संकष्टी चतुर्थी. चौथी तारीख मंचरच्या लग्नाची, त्या दिवशी जेवायला साडेतीन वाजले होते.

काकांचा संकष्टीचा उपास पूर्वीपासूनचा. सकाळी अकराला थोडी साबुदाण्याची खिचडी, मग चंद्रोदयापर्यंत चहाशिवाय काही नाही. चंद्र उगवायला रात्रीचे नऊ-साडेनऊ होतात. गोळ्या मात्र वेळच्या वेळी. हे डॉक्टरांना का सांगितलं नाही? “ते उपास सोडायला लावतील.” चौदा वर्षं याच भीतीने ही एक गोष्ट तपासणीच्या खोलीच्या दाराबाहेर राहिली होती.

काय केलं

पहिलं काम, ग्लुकोमीटर आणला. चौथ्या संकष्टीला संध्याकाळी ६.४० वाजता काकांना घाम फुटला तेव्हा बोटाला सुई टोचली. ५८. सत्तरच्या खाली गेली की साखर कमी झाली असं धरतात. काकूंनी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली. पंधरा मिनिटांनी परत मोजली तर ८४. उपास मोडला म्हणून काका चुकचुकले. खरं तर नुसत्या साखरेवर थांबणंही बरोबर नव्हतं. ग्लिमेपिराइडचा अंमल दिवसभर असतो, साखर पुन्हा उतरू शकते. त्यामुळे त्यानंतर लगेच पोळी-भातासारखं टिकणारं काही खाणं आणि पुढचे काही तास पुन्हा मोजत राहणं गरजेचं. हे त्यांना नंतर समजलं. (माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा.)

दुसरं काम, पिशवी. घरातली प्रत्येक स्ट्रिप, बाटली, पुडी एका कापडी पिशवीत: चालू, अर्धवट राहिलेली, बंद झालेली, मेडिकलमधून आणलेली, सकाळी घेतात ते मेथीचं चूर्णसुद्धा. चिठ्ठ्या नेल्या तर डॉक्टरांना काय लिहिलं होतं ते कळतं, स्ट्रिप नेल्या तर पोटात काय जातंय ते कळतं. यात अंतर असतंच.

तिसरं, जुना आकडा. हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड घरी सापडेना. हॉस्पिटलला लेखी अर्ज दिला, दोन दिवसांत प्रत मिळाली. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. बऱ्याच घरांत हे माहीत नसतं आणि लोक हात हलवत परत येतात. त्या कार्डावर क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, १.१ होतं. ताज्या रिपोर्टमध्ये १.५. नुसतं १.५ पाहिलं तर ‘थोडं वाढलंय, वय झालं’ असं वाटू शकतं. शेजारी १.१ ठेवलं की वर्षभरात मूत्रपिंडाचं काम लक्षात येण्याइतकं घटलंय हे उघड होतं.

चौथं, अपॉइंटमेंट. फोनवर रिसेप्शनला सांगितलं, “नेहमीचं दाखवणं नाही. पडले आहेत, सगळ्या औषधांची फेरतपासणी करायची आहे. शेवटचा नंबर दिला तरी चालेल.” मधल्या नंबरात आठ-दहा मिनिटं मिळतात आणि बाहेर माणसं ताटकळत असतात. शेवटच्या नंबराला वीस मिनिटं मिळाली.

पाचवं अवघड होतं. आधी काका बोलतील, मुलगा गप्प बसेल, असं ठरलं. मुलगा रिपोर्ट उत्तम सांगतो, पण पहाटे उठल्यावर काय होतं हे त्याला ठाऊक नाही, तो तेव्हा झोपलेला असतो. सुनेने अर्ध्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं आणि काकांनी खोलीत ते जवळजवळ जसंच्या तसं वाचलं:

“अकरा आठवड्यांत नऊ वेळा त्रास झाला, त्यानंतर आणखी एकदा. एकदा पडलो. दोन तऱ्हा आहेत. पहाटे लघवीला उठलो की डोळ्यांपुढे अंधारी येते, अर्ध्या मिनिटात जाते. दुसरी संध्याकाळी, उपासाच्या दिवशी. घाम येतो, हात कापतात. तेव्हा शुगर ५८ होती. मी उपास करतो, हे आधी सांगितलं नव्हतं. गुडघ्याला आठवड्यात तीन-चार वेळा गोळी घेतो. सगळ्या गोळ्या आणल्यात.”

चाळीस सेकंद. डॉक्टरांनी मध्ये तोडलं नाही, कारण तोडण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

पिशवी टेबलावर पालथी केली आणि दोन स्ट्रिप शेजारी आल्या. नावाखालचा बारीक मजकूर वाचायला डॉक्टरांना मिनिटही लागलं नाही. “काका, या दोन्ही चालू आहेत?” “हो, तुम्ही वाढवली ना?” डॉक्टरांनी सरळ सांगितलं की ‘आधीची बंद’ हे चिठ्ठीत लिहायला हवं होतं, ते त्यांच्याकडून राहिलं. खोलीतलं वातावरण त्या वाक्याने बरंच सैल झालं.

मग उभ्याने बीपी. पाच मिनिटं झोपवून १३८/८०, उभं राहिल्यावर एका मिनिटाला ११२/७०, तिसऱ्या मिनिटाला ११६/७२. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला तर तो उभ्याने बीपी पडण्याचा त्रास. इथे २६ ने घसरला. कारणं टेबलावरच होती: बीपीच्या गोळीतलं लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड, आणि यूरॉलॉजिस्टची टॅमसुलोसिन ०.४, जी मूत्रमार्गाबरोबर रक्तवाहिन्याही थोड्या सैल करते. पिवळ्या पट्टीतल्या अ‍ॅसिक्लोफेनॅकचं काम वेगळं. बीपीची टेल्मिसार्टन, हायड्रोक्लोरोथायझाइड आणि असं वेदनाशामक, ही तीन एकत्र आली की मूत्रपिंडावर ताण येतो. आणि मूत्रपिंड मंदावलं की ग्लिमेपिराइडचा अंमल लांबतो. म्हणजे गुडघ्याची गोळी संध्याकाळच्या घामापर्यंत पोचत होती.

बदल असे झाले. (हे या एका माणसापुरते आहेत. त्यावरून स्वतःच्या गोळ्या बदलू नयेत.) ग्लिमेपिराइड दोन्ही स्ट्रिपमधून हद्दपार. मेटफॉर्मिन ५०० दोनदा, सोबत लिनाग्लिप्टिन ५, जी एकटीने साखर सहसा एकदम खाली नेत नाही. बीपीला नुसती टेल्मिसार्टन ४०. अ‍ॅसिक्लोफेनॅक बंद, गरज पडली तर साधी पॅरासिटॅमॉल आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम. बीटाहिस्टीन बंद, मानेचा पट्टा काढला. पहाटे उठताना आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसायचं, पावलं हलवायची, मग उभं राहायचं.

राहिला उपास. डॉक्टरांनी सोडा म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, “यात तुमच्यासाठी महत्त्वाचं काय आहे, चंद्र बघून जेवणं की दिवसभर पोट रिकामं ठेवणं?” काका म्हणाले, चंद्र. मग ठरलं की खिचडीऐवजी भगर आणि दाण्याची आमटी, चारला दही-राजगिरा, संध्याकाळची गोळी जेवणाबरोबर, म्हणजे चंद्रोदयानंतरच. शुगर सत्तरच्या खाली गेली तर उपास तिथेच संपला. डॉक्टर-रुग्ण नात्याचे जे तीन नमुने साझ आणि हॉलेंडर यांनी १९५६ साली मांडले, त्यातला तिसरा म्हणजे दोघांनी मिळून ठरवण्याचा. प्रत्यक्षात तो असा, भगर आणि राजगिऱ्याच्या पातळीवर दिसतो. आणि रुग्णाने उपास सांगितला तरच दिसतो.

निघण्याआधी डॉक्टरांनी काकांना सगळं परत सांगायला लावलं. काका म्हणाले, “शुगरच्या गोळ्या दोन्ही बंद.” चुकलंच होतं, मेटफॉर्मिन चालू ठेवायची होती. तिथल्या तिथे दुरुस्त झालं. ही चूक घरी गेल्यावर झाली असती तर पुढच्या महिन्यात आणखी एक नवं प्रकरण उभं राहिलं असतं.

निकाल

दहा आठवड्यांनंतर: संध्याकाळचा घाम एकदाही नाही. एचबीए१सी ७.१, जे या वयाला पुरेसं आहे. क्रिएटिनिन १.२. घरचा बीपी सरासरी १३२/७८.

सगळं गोड झालं असं नाही. पहिल्या महिन्यात गुडघा असह्य झाला तेव्हा काकांनी पिवळी गोळी तीनदा घेतली. फरक इतकाच की या वेळी त्यांनी ते फोन करून कळवलं आणि तपासणी लवकर झाली. यूरॉलॉजिस्टना औषधबदलाची यादी दाखवायची राहून गेली, ती दुसऱ्या महिन्यात दाखवली. पहाटेची अंधारी दोनदा आली, सौम्य. एकदा काका पलंगावर न बसता तडक उठले होते.

कुठे वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी, नवी चिठ्ठी हातात पडली तेव्हा. प्रत्येक नव्या गोळीमागे एक प्रश्न पुरतो: “ही कुठल्या गोळीच्या ऐवजी आहे की जोडीला?” हे त्या दिवशी विचारलं गेलं असतं तर पुढचं निम्मं प्रकरण घडलंच नसतं. औषध देणाऱ्यालाही विचारता येतं, पण जुनी स्ट्रिप बरोबर असेल तरच त्याला सांगता येईल. सगळी औषधं एकाच दुकानातून घेणं हा त्यातला सोपा उपाय, दुकान धायरीचं असो की टिळक रोडचं.

पहिल्याच भेटीत ‘चक्कर’ हा शब्द टाळून काय होतं ते सांगता आलं असतं: गरगरतं, अंधारी येते, झोक जातो की कापरं भरतं. त्याला जोडून वेळ, आधी काय करत होतो, किती वेळ टिकलं. निदान घेऊन जायचं नाही, वर्णन घेऊन जायचं. ‘मला स्पाँडिलायटिस झालाय’ असं सांगितलं की तपासणी मानेकडे वळते, आणि इथे ती वळलीच.

डॉक्टरांच्या बाजूनेही. “दुसरं काही औषध?” याला घरोघरी “नाही” हेच उत्तर येतं. “गुडघ्याला, पोट साफ व्हायला, झोपेला काय घेता? मेडिकलमधून काय आणता? उपास कुठले?” असं विचारलं की उत्तरं येतात. उभ्याने बीपी मोजायला सात-आठ मिनिटं जातात, आणि गर्दीच्या ओपीडीत ती काढणं कठीण आहे हे खरं. पण चक्कर आणि टॅमसुलोसिन एकाच केसपेपरवर असतील तर ती एमआरआयच्या आधी काढावीत. इथे एमआरआय आधी झाला, हा क्रम मुलाच्या आग्रहाने झाला हेही नोंदवायला हवं. तेव्हा “यातून काय निघालं तर उपचार बदलतील?” असं कोणी विचारलं नाही.

मुलाचं बोलणं हा नाजूक भाग. बरोबर कुणीतरी असावं, ऐकायला आणि लिहून घ्यायला. पण रुग्णाच्या तोंडचं वाक्य दुसऱ्याने पुरं केलं की पहाटे साडेचारची अंधारी हरवते. पडण्याआधीच्या तीन भेटींत काकू एकदाही खोलीत नव्हत्या. नऊ तारखा आणि नऊ वेळा ज्यांच्याकडे लिहिलेल्या होत्या, त्या बाहेरच्या बाकावर बसून होत्या.

टॅमसुलोसिन चालू ठेवायची की बदलायची हे अजून ठरलेलं नाही. यूरॉलॉजिस्टची पुढची तारीख महिनाअखेरीची आहे. काकूंनी त्या तारखेभोवती गोल केलाय आणि खाली लिहिलंय: पिशवी.